मागच्या सीटवरून टेस्ट ड्राइव्ह : रोजच्या वापराची छोटी सेडान कशी पारखायची?

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितलेला. घरातली पहिली गाडी घ्यायची आहे, बजेट दहा लाखांच्या आत-बाहेर, छोटी सेडान घेऊ का? आणि घ्यायची तर बघायची कशी?

आधीच सांगतो, मी ऑटोमोबाईलवाला नाही. बीटेक कॉम्प्युटरचं, नोकरी सॉफ्टवेअरची, रोजची वारी कोथरूड ते हिंजवडी. पण गेल्या वर्षी आमच्याकडे गाडी घ्यायची ठरली. बाबा नुकतेच रिटायर झाले होते. त्यांच्या ग्रॅच्युइटीतले काही पैसे आणि बाकी माझा ईएमआय, असा मामला. घरात माणसं पाच. त्यात आजी ऐंशीच्या पुढची आणि आईचे गुडघे कुरकुरणारे. असे पैसे काही दोनदा येत नाहीत, त्यामुळे दोन महिने प्रत्येक शनिवार-रविवार शोरूम पालथी घातली. त्यातून जे उमगलं ते आज सांगतोय.

सेडानचा थोडा इतिहास, कारण त्याशिवाय तिचा आकार कळत नाही. २००६ च्या बजेटमध्ये सरकारने चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरची एक्साइज ड्युटी कमी केली. मग कंपन्यांनी काय केलं? गाडीची शेपटी कापली! २००८ मध्ये आलेली टाटा इंडिगो सीएस ही या जातीची पहिली. स्विफ्ट डिझायर त्याच वर्षी आली तेव्हा ४१६० मिलिमीटर लांब होती, २०१२ मध्ये ती ३९९५ झाली. आजही डिझायर, अमेझ, ऑरा, टिगोर सगळ्या ३९९५ किंवा त्याच्या आसपासच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, तरी ही रेघ तशीच राहिली: चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल असेल तर १८ टक्के. म्हणजे तुमच्या गाडीची डिकी केवढी असावी हे अर्धंअधिक अर्थमंत्रालयाने ठरवलंय. असो.

आता मुद्द्यावर येतो. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह कशी असते? तुम्ही ड्रायव्हिंग सीटवर, शेजारी सेल्सवाला, मागे कोणी नाही, एसी फुल, दोन किलोमीटरचा गुळगुळीत रस्ता आणि एक यू-टर्न. अहो, ही काय टेस्ट झाली? आमच्या भाषेत याला ‘हॅपी पाथ’ म्हणतात. सगळं सुरळीत असेल तर सॉफ्टवेअर चालतंच. खरी गंमत एज केसमध्ये असते. आणि फॅमिली गाडीची एज केस म्हणजे पाच माणसं, भरलेली डिकी आणि सोसायटीच्या गेटसमोरचा तो सिमेंटचा उंचवटा.

म्हणून पहिलं काम: घरच्या सगळ्यांना घेऊन जा. अगदी सगळ्यांना. सेल्सवाला तोंड वाकडं करेल, करू द्या. एका शोरूममध्ये आम्हाला सांगितलं, ‘सर, पाच जण नाही बसवत टेस्ट ड्राइव्हला.’ आम्ही नमस्कार केला आणि बाहेर पडलो. जी गाडी पाच जणांसाठी विकताय ती पाच जणांना दाखवायची नाही, हे कुठलं लॉजिक?

आणि तुम्ही स्वतः निम्मा वेळ मागे बसा. मधे. दोन मोठ्या माणसांच्या मधे! सेडानची खरी परीक्षा तिथे होते. मधल्या माणसाच्या पायाखाली बोगद्यासारखा उंचवटा किती आहे, पाठीला टेकू कसा आहे, खांदे एकमेकांवर चढतात का, तीन पॉइंटचा बेल्ट आहे का, हेडरेस्ट आहे का. या चारही गाड्या चार मोठ्या माणसांसाठी मस्त आहेत. पाचवा माणूस पुणे ते लोणावळा बसेल, पुणे ते कोल्हापूर बसला तर भांडण होईल. कागदावर ‘फाइव्ह सीटर’ लिहिलेलं असतंच, आणि अमुक एकीत तिघं ऐसपैस बसतात असं कोणी सांगितलं तर त्याची मुलं लहान असणार.

आता आजीचा मुद्दा, कारण यावर यूट्यूबवर कोणी बोलत नाही. सेडान बुटकी असते. बसताना माणूस वाकतो, डोकं सांभाळतो आणि खाली जातो. उठताना स्वतःला वर ओढावं लागतं. गुडघे आणि कंबर धड असतील तर जाणवतही नाही. नसतील तर रोजची शिक्षा. मागच्या दाराची चौकट कशी आहे ते बघा, कारण दिसायला छान म्हणून छताला मागे उतार देतात आणि तो नेमका म्हाताऱ्या माणसाच्या कपाळाशी येतो. दार किती अंशात उघडतं, वर पकडायला हँडल आहे का, तेही बघा. सनरूफवाल्या व्हेरियंटमध्ये त्या यंत्रणेपायी छताची आतली उंची थोडी जाते, तेव्हा जे व्हेरियंट घेणार त्यातच बसून बघा.

आजीला बसवायची एक पद्धत आमच्या फिजिओथेरपिस्टने सांगितली, ती लक्षात ठेवा. आधी पाठमोरं होऊन सीटवर बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. एक पाय आत टाकून वाकत शिरायचं नाही. आणि गाडी फुटपाथला चिकटवून उभी करू नका. माणूस उंच फुटपाथवर उभा असला की सीट त्याच्यासाठी आणखी खाली जाते. थोडं अंतर सोडून, सपाट रस्त्यावर उतरवा. या दोन गोष्टींनी निम्मं काम सोपं होतं. तरीही आजीला दोन वेळा प्रयत्न करावा लागत असेल तर सेडानचा हट्ट सोडा. थोडी उंच हॅचबॅक किंवा छोटी एसयूव्ही बघा. मात्र फार उंच एसयूव्हीत उलटा त्रास होतो, चढताना पाय उचलत नाही. सीट साधारण कुल्ल्याच्या उंचीला आली की माणूस सरळ सरकून बसतो, ते सगळ्यात बरं.

ग्राउंड क्लिअरन्स. यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये युद्धं होतात. नव्या डिझायरचा १६३ मिलिमीटर, नव्या अमेझचा १७२. नऊ मिलिमीटरवरून माणसं नाती तोडतात! अहो, हे आकडे रिकाम्या गाडीचे आहेत. पाच जण आणि सामान म्हणजे साडेतीनशे-चारशे किलो, त्यात मागचं सस्पेन्शन दबतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय. तसा असेल तर कुठलीही सेडान आरामात जाते. आपल्याकडे तो हातभर रुंद आणि वीतभर उंच असतो, गल्लीतल्या काकांनी रात्रीत ओतलेला. म्हणून टेस्ट ड्राइव्हला भरलेली गाडी तुमच्याच गल्लीतल्या त्या ब्रेकरवरून न्या, तिरकी नव्हे, सरळ. खालून आवाज आला तर तो रोज येणार. आणि पुढे घरी आल्यावर हे करा: ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायर प्रेशरचा स्टिकर असतो, बऱ्याच गाड्यांत पूर्ण लोडसाठी मागच्या टायरचा आकडा वेगळा दिलेला असतो. गावाला निघताना तेवढी हवा भरा. फुकटचं काम आहे, पण करतंय कोण?

डिकीचं थोडक्यात. डिझायर ३८२ लिटर, ऑरा ४०२, अमेझ ४१६, टिगोर ४१९. लिटर विसरा, घरातली सगळ्यात मोठी बॅग घेऊन जा. डिकीचं पोट मोठं आणि तोंड लहान असं होऊ शकतं. आमच्याकडे आजीचा वॉकर होता, तोच आम्ही प्रत्येक डिकीत घालून बघितला. आणि सीएनजी घेणार असाल तर नेहमीची एक मोठी टाकी डिकीचा मोठा घास घेते. टिगोरमध्ये दोन लहान टाक्या खाली बसवल्यात, म्हणून बॅग ठेवायला जागा उरते. सीएनजीवाल्या सेडानची डिकी उघडून न बघता बुकिंग करणारी माणसं मी पाहिलीत. सेडान घ्यायची ती डिकीसाठीच ना?

गिअरबॉक्स. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून डावा पाय कामातून जातो, तेव्हा ऑटोमॅटिक घ्याच असं माझं मत. पण ऑटोमॅटिक म्हणजे काय ते समजून घ्या. डिझायर, ऑरा, टिगोर यांत एएमटी मिळते. ती आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असते, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. म्हणून गिअर बदलताना एक छोटीशी मान डुलते. हळू चालवलीत तर कमी, घाईत पाय दाबलात तर जास्त. अमेझमध्ये सीव्हीटी आहे, तिच्यात पायऱ्याच नाहीत, त्यामुळे ती गुळगुळीत, पण महाग. ट्रॅफिकमध्ये मागे बसलेल्या माणसाला मळमळतं का, हे आईला विचारा, तुम्हाला ड्रायव्हिंग सीटवर ते कळणार नाही. आणि एएमटी चढावर अ‍ॅक्सिलरेटर देऊन अधांतरी धरू नका. आत क्लच घासत असतो बिचारा. ब्रेकवर धरा. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर गाडी एक-दोन सेकंद थांबते, तेवढ्यात निघायचं. चांदणी चौकाच्या चढावर, मागे पीएमपीएमएलची बस चिकटलेली असताना, ही दोन सेकंद फार मोठी असतात.

इंजिनाबद्दल एवढंच: नव्या डिझायरचं १.२ लिटर इंजिन तीन सिलिंडरचं, साधारण ८२ पीएस. आधीच्या डिझायरमध्ये चार सिलिंडर आणि ९० पीएस होते. अमेझ आणि ऑरा अजून चार सिलिंडरवर आहेत. तीन सिलिंडरमुळे इंधन वाचायला मदत होते, पण सिग्नलला उभं असताना थरथर थोडी जास्त जाणवणं हा त्या रचनेचाच स्वभाव. तुम्हाला चालतंय का ते एसी लावून, डी मध्ये, ब्रेकवर पाय ठेवून एक मिनिट बसून बघा. खंबाटकीचा चढ पाच जणांना घेऊन चढताना सगळ्याच धापा टाकतात. १.२ लिटर आहे ते, त्याच्याकडून किती अपेक्षा करणार?

मायलेज. डिझायर एएमटीचा जाहीर आकडा लिटरला २५.७१ किलोमीटर. एवढं मायलेज रस्त्यावर का मिळत नाही? कारण ही चाचणी रोलरवर होते, ठरलेल्या चक्रात, एसी बंद ठेवून, सरासरी वेग ताशी ३२ च्या आसपास. सगळ्या गाड्यांना सारखाच पेपर, म्हणून तुलनेला उपयोगी. तुमचा रोजचा रस्ता मात्र तो पेपर नव्हे. आता हिशेब करू. महिन्याला ९०० किलोमीटर, पेट्रोल १०४ रुपये धरा. शहरात १६ चं मायलेज पडलं तर सुमारे ५,८५० रुपये. २० चं पडलं तर ४,६८०. फरक साधारण ११७० रुपये. कमी नाही, पण एवढ्यासाठी आईची मळमळ किंवा आजीचे गुडघे पणाला लावायचे का, हे तुम्हीच ठरवा. बाबांचं पहिलं वाक्य होतं, ‘मायलेज किती?’ त्यांना हा हिशेब वहीत लिहून दिला, तेव्हा ते म्हणाले, ‘मग एसी व्हेंट मागे आहे ती बघ.’

सेफ्टीवर तडजोड नको. नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपमध्ये मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार स्टार मिळाले, २०२५ मध्ये भारत एनकॅपमध्ये दोन्हीकडे पाच. सहा एअरबॅग बेस मॉडेलपासून आहेत. छोटी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, हे वाक्य आता सरसकट लागू नाही. पण ते स्टार बेल्ट लावलेल्या पुतळ्यांचे आहेत! सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते मागे बसले होते आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार बेल्ट नव्हता. गाडी महागडी होती. आपल्याकडे मागचा बेल्ट सीट कव्हरखाली गाडला जातो. शोरूममधून निघतानाच कव्हर बसवणाऱ्याला सांगा, तिन्ही बकल वर दिसले पाहिजेत. आजीला बेल्ट मानेला लागतो म्हणून नको असतो. खांद्यावरून नीट जाईल अशी पातळ उशी पाठीला दिली, आणि आमच्याकडे ते भांडण मिटलं.

आम्ही काय घेतलं? पाचही जण बसून आले आणि मतदान झालं. माझं आणि बहिणीचं मत सनरूफवाल्या टॉप मॉडेलला, आई-बाबा-आजीचं मधल्या एएमटी व्हेरियंटला. तीन विरुद्ध दोन. मधलं व्हेरियंट आलं आणि उरलेले पैसे बाबांनी एफडीत टाकले.

बुकिंग झालं की दोन कामं शिल्लक राहतात. ऑन-रोड किमतीच्या कागदावरची प्रत्येक ओळ विचारा. इन्शुरन्स शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचं कोटेशन हातात ठेवून बोला. आणि रजिस्ट्रेशनच्या आधी गाडी दिवसाउजेडी बघा: ओडोमीटर, काचा, पाचही टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. गाडी नवी आणि टायर वर्षभर जुने असतील तर तिथेच विचारा, नंबर पडल्यावर कोणी ऐकत नाही.

तुमच्या घरी टेस्ट ड्राइव्हला कोण कोण गेलं होतं आणि मधे कोण बसलं, ते व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात सेकंड हँड गाडीचे कागद. भेटू!