रंग आणि त्याचा शेजार

कापडाच्या दुकानात लुगडे पसंत करणारी गृहिणी ते हातात घेऊन उंबरठ्याशी येते आणि दिवसाच्या उजेडात एकवार निरखून पाहते. आतल्या दिव्याखाली सुरेख अंजिरी वाटलेले वस्त्र बाहेर येताच कधी तपकिरीकडे झुकते, तर कधी अधिकच खुलते. दुकानदार या तपासणीचा राग मानीत नाही. दिवा आणि दिवस यांत रंग सारखा राहत नाही, हे त्यालाही ठाऊक असते. या नित्याच्या व्यवहारात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. लुगडे तेच, पाहणारे डोळेही तेच. मग बदलले ते काय? रंग ही वस्तूची मालमत्ता आहे, प्रकाशाची देणगी आहे, की डोळ्यांनी मांडलेला खेळ आहे?

श्रोतेहो, या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर आयझॅक न्यूटन याने दिले. १६६६ च्या सुमारास त्याने अंधाऱ्या खोलीच्या खिडकीला बारीक छिद्र पाडून सूर्याचा एक किरण आत घेतला व तो काचेच्या त्रिकोणी लोलकातून जाऊ दिला. समोरच्या भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा पट्टा उमटला. लोलकातून रंग दिसतात हे पूर्वीही लोकांना माहीत होते. परंतु काचच शुभ्र प्रकाशाला रंगविते, अशी समजूत होती. न्यूटनने त्या पट्ट्यातील एकच रंग निवडून तो दुसऱ्या लोलकातून नेला. त्यातून नवे रंग निघाले नाहीत. रंग काचेने दिलेला नसून शुभ्र प्रकाशातच निरनिराळे किरण एकत्र नांदत असतात, हे त्यावरून सिद्ध झाले. लुगड्याचा रंग म्हणजे त्या वस्त्राने काही किरण शोषून घेऊन परत पाठविलेले उरलेले किरण होत. दिव्याच्या प्रकाशात किरणांचे प्रमाणच वेगळे असले, तर परत येणारा वाटाही वेगळाच असणार.

पण न्यूटन येथेच थांबला नाही. १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात त्याने बजावून ठेवले, की काटेकोरपणे बोलावयाचे तर किरणांना स्वतःचा रंग नसतो; रंगाची संवेदना जागी करण्याचे सामर्थ्य तेवढे त्यांच्यात असते. घंटेत असतो तो कंप. नाद होतो तो ऐकणाऱ्याला. त्याचप्रमाणे प्रकाशात असतात त्या लहरी. एका मिलिमीटरचे दहा हजार भाग कल्पिले, तर त्यांतील सुमारे चार ते सात भाग एवढ्या लांबीच्या लहरी मानवी डोळ्याला दिसतात. आखूड लहरींना आपण जांभळा म्हणतो, लांब लहरींना तांबडा. हे नामकरण डोळा आणि मेंदू मिळून करतात.

ते कसे, याचे अनुमान थॉमस यंग या इंग्रज वैद्याने १८०२ साली मांडले. असंख्य रंगांसाठी डोळ्यांत असंख्य साधने नसावीत. तीनच प्रकारची असावीत, व त्यांच्या कमीअधिक उत्तेजनातून सर्व रंग भासत असावेत, असे त्याचे म्हणणे होते. पुढील संशोधनाने ते खरे ठरले. प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिपटलावर सुमारे साठ लाख शंकुपेशी असतात आणि त्यांचे प्रकार तीनच आहेत. त्यांतील एक प्रकार उणा असला, तर पाहणाऱ्याचे जगच निराळे होते. अणुवादाचा पुरस्कर्ता जॉन डाल्टन हा असाच एक होता. जिरेनियमचे गुलाबी फूल त्याला दिवसा आकाशासारखे निळे दिसे आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबूस दिसे. १७९४ साली त्याने आपल्या या दृष्टिदोषावर मँचेस्टरच्या विद्वत्सभेत निबंध वाचला. आपल्या नेत्रगोलातील द्रव निळसर असावा, असा त्याचा तर्क होता, व मृत्यूनंतर आपले डोळे तपासावेत अशी इच्छा त्याने व्यक्त केली होती. १८४४ साली ती तपासणी झाली. द्रव स्वच्छ निघाला. जतन करून ठेवलेल्या त्या डोळ्यांच्या अवशेषांवरून १९९५ साली शास्त्रज्ञांनी निर्णय दिला, की मधल्या लांबीच्या लहरी टिपणारे द्रव्यच त्याच्या डोळ्यांत नव्हते. दोष फुलाचा नव्हता आणि द्रवाचाही नव्हता.

प्रकाश, वस्तू आणि डोळा असे तीन साक्षीदार झाले. चौथा मात्र फार काळ कोणाच्या ध्यानात आला नव्हता. त्याची साक्ष काढली ती पॅरिस येथील गोबलँ या सरकारी कारखान्यात. चित्रांच्या आधारे भिंतीवर लावण्याचे भरजरी पडदे विणणारा हा कारखाना चौदाव्या लुईच्या राजवटीत, १६६२ साली, राजाश्रयाखाली आला. तेथील रंगशाळेचा प्रमुख म्हणून १८२४ साली मिशेल यूजीन शेव्रल याची नेमणूक झाली. शेव्रल चित्रकार नव्हता. तो रसायनशास्त्रज्ञ होता. प्राण्यांच्या चरबीवरील संशोधनाने त्याचे नाव झाले होते, आणि त्याच संशोधनातून उत्तम मेणबत्त्यांचा धंदा पुढे उदयास आला.

कामावर येताच त्याच्यापुढे तक्रारी आल्या. त्यांतील एक काळ्या रंगाविषयी होती. निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या घड्यांतील छाया दाखविण्यासाठी वापरलेली काळी लोकर फिकी पडते, तिच्यात दम नाही, असे विणकऱ्यांचे म्हणणे होते. ठपका साहजिकच रंगाऱ्यांवर येत होता. रसायनशास्त्रज्ञ प्रथम रसायनाचीच चौकशी करणार. शेव्रलने फ्रान्समधील इतर रंगशाळांतून, तसेच लंडन व व्हिएन्ना येथून काळ्या लोकरीचे नमुने मागवून गोबलँच्या लोकरीशी ताडून पाहिले. गोबलँचा काळा रंग कोणाहून उणा नव्हता. तेव्हा त्याच्या लक्षात आले, की दोष कढईत नाही. दोष त्या काळ्या धाग्याला मिळालेल्या शेजारात आहे.

त्याचे स्पष्टीकरण असे. प्रत्येक रंगाला एक पूरक रंग असतो: तांबड्याला हिरवा, निळ्याला नारिंगी, जांभळ्याला हिरवट पिवळा. कोणताही रंग आपल्या शेजाऱ्यावर स्वतःच्या पूरक रंगाची छटा टाकतो, निदान डोळ्यांना तसे भासते. निळ्याजवळच्या काळ्यावर नारिंगी झाक चढते. जांभळ्याजवळच्या काळ्यावर पिवळट हिरवी. या दोन्ही छटा उजळ असल्यामुळे काळा निस्तेज होतो. चित्रकार कुंचल्याने रंग मिसळून ही उणीव कशीबशी भरून काढील. परंतु विणकऱ्याचा धागा धाग्यात विरघळत नाही. त्याला शेजारच योग्य निवडावा लागतो.

याची प्रचीती घरच्या घरी घेता येते. करड्या कागदाचे दोन सारखे तुकडे कापावेत. एक तांबड्या कागदावर ठेवावा, दुसरा हिरव्यावर. वर पातळ, अर्धपारदर्शक पांढरा कागद पसरला, की पहिला तुकडा हिरवट व दुसरा तांबूस दिसू लागतो. तुकडे एकाच कागदाचे आहेत हे माहीत असूनही भास जात नाही. कारण डोळा हा एकेका रंगाचे वजन करणारा तराजू नव्हे. दृष्टिपटलावरील पेशी शेजारच्या पेशींच्या संदेशांना आवर घालतात आणि मेंदूकडे तुलनाच अधिक पाठवितात. ही तुलना फसवी असली तरी निरुपयोगी नाही. तिच्यामुळेच धुतलेले धोतर कंदिलाच्या पिवळ्या उजेडातही पांढरे म्हणून ओळखू येते.

शेव्रलने हे विवेचन १८३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यातील एक प्रसंग मोठा मार्मिक आहे. काही व्यापाऱ्यांनी तांबडे, जांभळट व निळे कापड छापखानदारांकडे देऊन त्यावर काळी नक्षी छापून मागितली. माल आला तेव्हा त्यांनी गाऱ्हाणे केले, की तांबड्यावरील नक्षी हिरवी, जांभळटावरील हिरवट पिवळी आणि निळ्यावरील तांब्याच्या रंगाची झाली आहे. म्हणजे छापणाऱ्याने काळा रंग दिलाच नाही. शेव्रलने पांढरा कागद नक्षीच्या आकाराने कातरून घेतला आणि कापडावर असा ठेवला, की भोवतालचा रंग झाकला जावा व नक्षी तेवढी दिसावी. नक्षी काळीच होती. प्रामाणिक कारागिरावर आलेले बालंट एका कागदाने दूर केले. व्यापाऱ्याचे डोळे खोटे बोलत नव्हते आणि छापणाऱ्याचे हातही खोटे नव्हते. दोघांना ठाऊक नसलेला एक नियम मध्ये उभा होता.

कलावंतांना या नियमाची चाहूल पूर्वीपासून होती. लिओनार्दो दा व्हिंचीच्या टिपणांतही शेजारच्या रंगांनी परस्परांना उठाव येतो, याचा निर्देश आहे. परंतु अनुभवाला नियमाचे रूप आले ते या रंगशाळेत. शेव्रलने बहात्तर भागांचे रंगचक्र तयार केले. त्यात समोरासमोर येणारे रंग एकमेकांचे पूरक होत. त्याच्या ग्रंथाचा अभ्यास करणाऱ्या चित्रकारांत जॉर्ज सरा हा प्रमुख होता. १८८४ ते १८८६ या काळात रंगविलेल्या ‘ग्रांद जात बेटावरील रविवार’ या भव्य चित्रात त्याने रंग पाटीवर न कालविता शुद्ध रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी मांडले आणि मिश्रणाचे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे सोपविले. हे चित्र शिकागोच्या कलासंग्रहालयात आहे. आपल्याकडील धूपछावी रेशमातही ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, आणि पदर हलला की कधी हा तर कधी तो रंग झळकतो. विणकऱ्याने ते विद्यापीठात शिकले नव्हते. मागावर शिकले होते. आज छापील रंगीत चित्र भिंगाखाली धरले, किंवा दूरदर्शनचा पडदा अगदी जवळून न्याहाळला, तर हीच ठिपक्यांची युक्ती दृष्टीस पडते.

मात्र शास्त्राने कलेचे काम आपल्याकडे घेतले, असे कोणी समजू नये. नियम पाठ केल्याने सरा होता येत नाही. व्याकरण पाठ केल्याने कवी होता येत नाही, तसेच हे आहे. शास्त्राने एवढेच केले, की कलावंताला आपली चूक कोठे शोधावी ते दाखविले.

शेव्रल १७८६ साली जन्मला आणि १८८९ साली, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी मरण पावला. त्याने रंगाऱ्यांसाठी नवा काळा रंग शोधून काढला नाही. होता तोच निर्दोष असल्याचे दाखवून दिले. घरात नव्या भिंतीचा रंग मळकट वाटला, खणाची चोळी लुगड्याजवळ उतरलेली दिसली, किंवा मुलाने काढलेल्या चित्रातील आकाश मनासारखे निळे झाले नाही, तर रंगारी, विणकरी किंवा ते मूल यांना बोल लावण्यापूर्वी एक पांढरा कागद कातरून घ्यावा आणि शेजार झाकून पाहावा. एवढ्यानेही बऱ्याच तक्रारी मिटतील.