बाल्टिक नगरांतील पाहुणा आणि तेथील भाषाभान

बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या तीन प्रजासत्ताकांच्या राजधान्या, म्हणजे अनुक्रमे टॅलिन, रिगा आणि विल्नियस, ही युरोपातील शनिवार-रविवारच्या छोट्या सहलींची आवडती ठिकाणे झाली आहेत. हेलसिंकीहून बोटीने टॅलिन गाठण्यास दोन-अडीच तास पुरतात, तेथून बसने साडेचार तासांत रिगाला पोहोचता येते, २००७ च्या डिसेंबरात हे देश शेंगेन क्षेत्रात आल्यापासून त्यांच्या आपसांतील सीमांवरची नेहमीची तपासणी संपली, आणि एस्टोनियाने २०११, लाटव्हियाने २०१४ व लिथुआनियाने २०१५ मध्ये युरो स्वीकारल्यामुळे चलन बदलण्याची यातायातही उरली नाही. तिन्ही शहरांचे जुने भाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. परंतु या सोयीमुळेच दोन दिवसांच्या पाहुण्याचा असा समज होतो की हा सगळा एकच प्रदेश असून येथे कोणाशीही रशियन भाषेत बोलले तरी चालते. आणि हा समज तेथील माणसांच्या फार जिव्हारी लागतो.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या तीन राज्यभाषांपैकी एकही रशियनची बोली नाही. लाटव्हियन आणि लिथुआनियन या इंडो-युरोपीय कुळातील बाल्टिक शाखेच्या भाषा असून रशियन त्याच कुळातील स्लाव्हिक शाखेची आहे, तर एस्टोनियन या कुळातलीच नाही. ती फिन्नो-उग्रिक म्हणवल्या जाणाऱ्या वेगळ्या कुळातील, फिनिशची सख्खी म्हणावी अशी भाषा आहे. एस्टोनियन मातृभाषा असलेल्यांची संख्या अकरा लाखांच्या आसपास भरते, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या शहराच्या लोकसंख्येपेक्षाही कमी. आणि एवढ्याशा समाजाने आपल्या भाषेत विद्यापीठीय शिक्षण, न्यायदान, वैद्यक आणि संगणकव्यवहार उभा केला आहे, हे लक्षात घेतल्यावाचून भाषेविषयीचा त्यांचा हळवेपणा समजणे कठीण आहे.

या हळवेपणाची मुळे विसाव्या शतकाच्या मध्यात आहेत. २३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या मोलोटोव्ह-रिबेनट्रॉप कराराच्या गुप्त कलमांनी पूर्व युरोपची वाटणी केली, १९४० मध्ये तिन्ही प्रजासत्ताके सोव्हिएत संघात सामील करून घेण्यात आली, जून १९४१ मध्ये आणि पुन्हा मार्च १९४९ मध्ये हजारो कुटुंबांना मालगाड्यांतून सायबेरियाकडे पाठवण्यात आले, आणि रिकाम्या झालेल्या जागी, विशेषतः नव्या कारखान्यांसाठी, संघराज्याच्या इतर भागांतून कामगार आणले गेले. या घडामोडींचा परिणाम जनगणनेच्या आकड्यांत स्वच्छ दिसतो. १९३४ मध्ये एस्टोनियाच्या लोकसंख्येत एस्टोनियन लोक ८८ टक्के होते, ते १९८९ मध्ये ६१ टक्क्यांवर आले. लाटव्हियात १९३५ मध्ये सुमारे तीन-चतुर्थांश असलेले लाटव्हियन १९८९ मध्ये ५२ टक्के उरले, आणि खुद्द रिगा शहरात तर ते जेमतेम एक-तृतीयांशाहून थोडे अधिक, म्हणजे आपल्याच राजधानीत अल्पसंख्य होते. त्या काळात लाटव्हियन माणसाला रशियन यावीच लागे, रशियन माणसाचे मात्र लाटव्हियनवाचून कधी अडत नसे. या एकतर्फी द्विभाषिकतेचा सल दुकानाच्या गल्ल्यावर, दवाखान्यात आणि ट्राममध्ये रोज भोगलेला असल्यामुळे तो राजकीय गुलामीच्या आठवणीइतकाच खोल गेला आहे.

म्हणूनच स्वातंत्र्य मिळण्याच्याही आधी, सोव्हिएत सत्ता असतानाच, १९८८-८९ मध्ये तिन्ही प्रजासत्ताकांनी आपापल्या भाषेला राज्यभाषेचा दर्जा परत मिळवून दिला. १९८९ च्या २३ ऑगस्टला, मोलोटोव्ह-रिबेनट्रॉप कराराच्या पन्नासाव्या स्मरणदिनी, सुमारे वीस लाख माणसांनी टॅलिनपासून विल्नियसपर्यंत सहाशे किलोमीटरांहून लांब मानवी साखळी उभी केली.

लाटव्हियन भाषेचे मोल त्या समाजाला किती वाटते हे पाहण्यासाठी रिगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाइतकी योग्य जागा नाही. दौगावा नदीच्या काठी २०१४ मध्ये उघडलेल्या या इमारतीत एक साधे लाकडी कपाट ठेवलेले आहे. क्रिश्यानिस बारॉन्स या संग्राहकाने लोकगीते ठेवण्यासाठी ते १८८० मध्ये स्वतःच्या आराखड्याप्रमाणे बनवून घेतले. त्यातील प्रत्येक खणाचे वीस लहान कप्पे केलेले असून त्यांत बोटभर रुंदीच्या कागदी पट्ट्या उभ्या लावून ठेवल्या आहेत, आणि प्रत्येक पट्टीवर एक ‘दैना’, म्हणजे जात्यावरच्या ओवीशी नाते सांगावे असे सामान्यतः चार ओळींचे लोकगीत, हाताने लिहिलेले आहे. अशी सुमारे २ लाख ६८ हजार गीते या कपाटात आहेत. पेरणी, लग्न, अनाथपण, मधमाश्या, मरण, सारे त्यांत आले आहे आणि त्यातील बराच भाग खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या तोंडून आलेला आहे. हे कपाट बनले मॉस्कोत, कारण बारॉन्स त्या काळी तेथे खाजगी शिक्षक म्हणून नोकरी करत होते. लाटव्हियन भाषेचा हा ठेवा रशियाच्या मोठ्या शहरात आकाराला आला आणि १८९३ मध्ये रिगाला पोहोचला. ज्याला या प्रदेशातील भाषावाद दोन रंगांतच रंगवायचा असेल त्याने ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

ग्रंथालयापासून नदी ओलांडून आले की रिगाची मध्यवर्ती मंडई लागते. झेपेलिन हवाईजहाजांसाठी बांधलेल्या कोठारांचे लोखंडी सांगाडे वापरून उभारलेली ही मंडई १९३० मध्ये सुरू झाली. धुरावलेले मासे, राय या धान्याचा काळा पाव, पिंपात आंबवलेली कोबी आणि काकड्या यांच्या वासाने भरलेल्या या दालनांत भावाच्या पाट्या लाटव्हियनमध्ये असतात, कारण कायदा तसे सांगतो, परंतु पाट्यांमागचे बोलणे पुष्कळदा रशियनमध्ये चाललेले असते. तोडकेमोडके रशियन येणाऱ्या पाहुण्याला येथे ते बोलण्याचा मोह होतो, आणि समोरची बाई रशियनभाषक असेल तर तिला आनंदही होतो. पण तीच पद्धत त्याने शेजारच्या गल्ल्यावरच्या पंचविशीतल्या मुलीशी वापरली तर ती बहुधा इंग्रजीत उत्तर देते. त्यात उर्मटपणा नसतो. तिच्या पिढीतील अनेकांना रशियन येतच नाही, आणि ज्यांना येते त्यांनाही परक्याने ती गृहीत धरावी हे रुचत नाही. २०१२ मध्ये रशियनला दुसरी राज्यभाषा करावी का, असा कौल लाटव्हियात घेण्यात आला तेव्हा मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी तो फेटाळला. उरलेल्या एक-चतुर्थांशांची बाजूही त्याच मंडईत उभी असते.

त्या बाजूचे दुःख लहान नाही. १९९१ नंतर एस्टोनिया आणि लाटव्हिया यांनी नागरिकत्व आपोआप दिले ते १९४० पूर्वीच्या नागरिकांना व त्यांच्या वंशजांना. सोव्हिएत काळात येऊन स्थायिक झालेल्यांना व त्यांच्या तेथेच जन्मलेल्या मुलांना भाषेची परीक्षा देऊन ते मिळवावे लागले, आणि ज्यांनी दुसऱ्या देशाचेही नागरिकत्व घेतले नाही ते लाटव्हियात ‘अ-नागरिक’ म्हणजे निवासाचा पूर्ण हक्क पण मताधिकार नसलेले रहिवासी ठरले. लिथुआनियात स्थलांतरितांचे प्रमाण कमी असल्यामुळे तेथे सर्व रहिवाशांना नागरिकत्व खुले ठेवणे शक्य झाले. युक्रेनवरील २०२२ च्या आक्रमणानंतर हा प्रश्न अधिक तापला: लाटव्हियाने २०२३ पासून आणि एस्टोनियाने २०२४ पासून रशियन माध्यमाच्या शाळा टप्प्याटप्प्याने राज्यभाषेत आणण्यास सुरुवात केली, आणि रशियन नागरिकत्व घेऊन लाटव्हियात राहणाऱ्या वृद्धांनाही निवासपरवान्यासाठी लाटव्हियनची प्राथमिक परीक्षा देणे भाग पडले. लहान भाषेला राज्याचे संरक्षण हवेच, आणि शाळा एका भाषेत आणण्यामागील विचार समर्थनीय आहे. परंतु सत्तरीतील माणसाला परीक्षेच्या बाकावर बसवण्याने भाषेचे कोणते हित साधते हे दाखवणे अवघड आहे.

टॅलिनमध्ये हाच तणाव एका पुतळ्याभोवती पेटला होता. शहराच्या मध्यभागी तोनिसमॅगी येथे १९४७ मध्ये उभारलेला काशाचा सोव्हिएत सैनिक एस्टोनियन लोकांच्या लेखी परकीय ताब्याचे चिन्ह होता, रशियनभाषकांच्या लेखी नाझींविरुद्ध पडलेल्या आप्तांची खूण. एप्रिल २००७ मध्ये सरकारने तो लष्करी दफनभूमीत हलवला तेव्हा दंगल उसळली, एक तरुण मारला गेला आणि पाठोपाठ देशाच्या संगणकजाळ्यांवर मोठे हल्ले झाले. आज त्या चौकातून जाणाऱ्या पर्यटकाला याची पुसटशीही खूण दिसत नाही.

विल्नियसचा भाषिक इतिहास याहून निराळा असून तेथे रशियनपेक्षा पोलिशचा प्रश्न जुना आहे. पहिल्या महायुद्धानंतर हे शहर पोलंडकडे होते आणि त्यात पोलिश व यिद्दिश बोलणाऱ्यांचे बहुमत होते. यिद्दिश म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंची, जर्मन मुळाची पण हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा. ज्यूंचा जवळजवळ संपूर्ण समाज नाझी काळात शहराबाहेरच्या पानेरियाईच्या जंगलात व इतरत्र मारला गेला, युद्धानंतर बहुसंख्य पोलिश नागरिक पोलंडला गेले, आणि लिथुआनियन बहुमत त्यानंतरच्या काळात झाले. उरलेल्या पोलिश समाजाला आपले आडनाव सरकारी कागदांवर पोलिश पद्धतीने लिहिण्यासाठी, म्हणजे लिथुआनियन वर्णमालेत नसलेले एखादे रोमन अक्षर वापरण्यासाठी, २०२२ च्या कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली. लिथुआनियन माणसाची लिपीविषयीची ही कठोरता समजून घेताना रशियन साम्राज्याने १८६४ पासून १९०४ पर्यंत रोमन लिपीतील लिथुआनियन छपाईवर घातलेली बंदी विसरता येत नाही. त्या चाळीस वर्षांत पूर्व प्रशियात छापलेली पुस्तके पाठीवर बांधून रात्री सीमा ओलांडणाऱ्या ‘पुस्तकवाहकां’नी भाषा जिवंत ठेवली, पकडले गेलेल्यांना सायबेरिया मिळाला.

या इतिहासाशी मुंबईचाही एक धागा जुळतो. लिथुआनियन आणि संस्कृत यांच्या जवळिकीने भारावलेला आंतानास पोश्का हा तरुण १९२९ मध्ये मोटारसायकलवरून भारताकडे निघाला आणि पुढे मुंबई विद्यापीठात शिकला. मायदेशी परतल्यावर, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, लिथुआनियन पुस्तकांच्या नाशाला त्याने विरोध केला आणि सोव्हिएत सत्तेने त्याला सायबेरियात पाठवले. लिथुआनियनच्या प्राचीनतेचे कौतुक भारतीय पाहुणे हौसेने करतात. ते जरूर करावे, पण त्या भाषेसाठी या माणसाने काय भोगले तेही जाणून करावे.

तेव्हा आज नोकरी-शिक्षणानिमित्त युरोपात असलेल्या आणि सुटीत या शहरांकडे वळणाऱ्या मराठी मंडळींना एवढीच विनंती करावीशी वाटते की बोलण्याचा आरंभ टॅलिनमध्ये ‘तेरे’, रिगात ‘लाबदिएन’, विल्नियसमध्ये ‘लाबा दिएना’ या नमस्काराने करावा, पुढे इंग्रजीत बोलावे, आणि रशियन येत असली तरी समोरच्याने ती स्वतःहून काढल्याखेरीज किंवा विचारून होकार मिळाल्याखेरीज ती वापरू नये. रशियन बोलणाऱ्या माणसाला मॉस्कोचा पक्षपाती समजू नये, कारण तो तिसऱ्या पिढीचा रिगाकर असू शकतो किंवा युद्धामुळे खारकिव्हहून आलेला निर्वासितही असू शकतो. आणि दोन दिवसांतला एक तास रिगातील त्या कपाटासाठी काढून ठेवावा.