घर विकणाराचें कर्तव्य



बैलाची खोड लपवून तो विकणारास बाजारांत कोणी पुन्हा उभें करीत नाहीं. पण घराची खोड लपवून घर विकलें, तर लोक त्यास हुशारी म्हणतात! खोडकर बैलानें एक हंगाम बुडतो. फसव्या घरानें जन्माची पुंजी बुडते.

कायदा याबाबत मुका नाहीं. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें ५५ वें कलम सांगतें कीं, मिळकतींतील किंवा मालकी हक्कांतील जो मोठा दोष विकणारास ठाऊक आहे, घेणारास ठाऊक नाहीं व साधारण काळजी घेऊनही त्यास कळण्याजोगा नाहीं, तो विकणारानें सांगितलाच पाहिजे. उलट करार नसतां तो लपविणें म्हणजे कपट, असें तेंच कलम म्हणतें.

मग वांधा कोठें आहे? शेजारचा कचऱ्याचा ढीग, कारखान्याचा वास यांचें नांव हें कलम घेत नाहीं. "हा काय मिळकतीचा दोष? तुम्हांला डोळे नव्हते काय?" असा उलट सवाल घेणारास ऐकावा लागतो. पण कोल्हापूर-सांगलीकडे पहा. २००५, २०१९ व २०२१ सालीं पंचगंगा-कृष्णेचें पाणी घराघरांत शिरलें. उन्हाळ्यांत नवा रंग दिलेल्या भिंतीवर त्या पाण्याची खूण परगांवच्या माणसास कशी दिसावी? २०१६ सालचा स्थावर संपदा कायदा खोट्या जाहिरातीबद्दल बिल्डरास भरपाई द्यावयास लावतो खरा. पण आपलें राहतें जुनें घर विकणाऱ्या साध्या मालकास तो लागू नाहीं.

आम्ही विचारतों, ज्या खोलींतून आपलीं पोरें रात्रीं नावेंत घालून बाहेर काढलीं, ती खोली दुसऱ्याच्या पोरांसाठीं गुपचूप विकणें हा कोणता धर्म? किंमत सांगतांना तोंड उघडतें, तर दोष सांगतांना तें कां मिटतें?

घेणारांसही आमचें सांगणें आहे. घर एकदां भर पावसाळ्यांत पहा. शेजारच्या बायांस विचारा. त्या खरें सांगतात. नगरपालिकेंत पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा ही २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. "या घरांत पाणी शिरलें होतें काय?" हा प्रश्न लेखी विचारा व उत्तर साठेखतांत लिहून घ्या. जो लिहून द्यावयास कचरतो, त्याला इसार देऊं नका.

आणि विकणारांनो, खरें सांगून चार पैसे कमी आले तर येऊं द्या. घर जातें, पण शब्द गांवांत मागें राहतो.