शंभर ग्रॅम कोथिंबीर कोण खातं?

(वसंत व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरी झाली, उद्या शेअर बाजार आहे. मधल्या दिवशी मी आणि अंडं. (हशा) पत्रिकेत विषय छापलाय ‘अंडे श्रेष्ठ की हिरवा पाला?’ हा मथळा माझा नव्हे. मी ‘अंडं आणि कोथिंबीर’ एवढंच कळवलं होतं. कार्यवाहांचं म्हणणं पडलं की ‘श्रेष्ठ की’ असं घातलं म्हणजे गर्दी होते. झाली खरी. पण पहिल्या रांगेतले दोघे आजोबा अंड्याचं नाव काढताच चुळबुळ करायला लागलेत. आजोबा, बसा. मी कुणाला अंडं खायला लावणार नाही. माझी तक्रार आहे ती एका आकड्याबद्दल, आणि तो आकडा म्हणजे शंभर.

आपल्याकडच्या आहारशास्त्राचा इतिहास थोडक्यात असा. १९१८ मध्ये मॅककॅरिसन नावाच्या डॉक्टरांनी कुन्नूरला आहारसंशोधन सुरू केलं, त्यातून उभी राहिलेली संस्था पुढे हैदराबादला आली, तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. बाकीचं मी सोडून देते. त्या संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते छापले. काम इतकं चोख की हात जोडावेत. पण तक्ता तिथला असो की अमेरिकेतला, प्रत्येक आकडा शंभर ग्रॅममागे दिलेला असतो. मोजमापासाठी ते बरोबरच आहे. घोटाळा होतो तो तक्ता प्रयोगशाळेतून निघून आपल्या मोबाइलवर पोचतो तेव्हा. ‘अमक्या पाल्यात तमक्यापेक्षा कितीतरी पट कॅल्शियम!’ असेल हो. पण कढीपत्ता तुम्ही शंभर ग्रॅम खाता की पाच पानं फोडणीत घालून ताटाच्या कडेला काढून ठेवता? (हशा)

आता प्रथिनांचंच बघा. शंभर ग्रॅम अंड्यात, म्हणजे साधारण दोन अंड्यांत, साडेबारा ग्रॅम प्रथिनं. शंभर ग्रॅम कोथिंबिरीत दोनच्या आसपास, आपल्या तक्त्यात थोडी जास्त. म्हणजे अंडं सहापट भारी. पण मापच बदला. वजनाऐवजी कॅलरी धरा. शंभर कॅलरींच्या अंड्यातून प्रथिनं मिळतात जेमतेम नऊ ग्रॅम, आणि शंभर कॅलरींच्या कोथिंबिरीतूनही तितकीच! झाली की नाही बरोबरी? अशा बरोबरीवर इंटरनेटवर मोठमोठे लेख निघतात. फक्त शंभर कॅलरींची कोथिंबीर म्हणजे सव्वाचारशे ग्रॅमच्या वर कोथिंबीर, हे त्यात कुणी सांगत नाही. तेवढी एका बैठकीत म्हैसच खाईल.

तिसरं माप ताटाचं. त्यासाठी मी हा छोटा वजनकाटा आणि चिरलेली कोथिंबीर घेऊन आले आहे. कार्यवाह, या पुढे. पोह्यांच्या बशीवर घरी घालता तेवढी घाला या वाटीत. लाजू नका. ... एवढीच? बघा, काटा दाखवतोय दोन ग्रॅम. (हशा) ताज्या कोथिंबिरीत शंभर ग्रॅमला सत्तावीसच्या आसपास मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. बाईमाणसाला दिवसाला लागतं ६५ मिलिग्रॅम. कार्यवाहांच्या चिमटीतून मिळालं अर्धा मिलिग्रॅम. याला पोषण म्हणत नाहीत, सजावट म्हणतात. आणि कोथिंबिरीला आपण सजावटीवर आणून बसवलंय, हेच माझं आज सांगणं आहे. पालेभाजी आहे ती. मुठीने खायची वस्तू आपण चिमटीने खातो.

आता तीच मूठ धरू, पंचवीस ग्रॅम. अ जीवनसत्त्वात ही मूठ एका अंड्याची बरोबरी करते. पाल्यात असतं ते बीटा-कॅरोटीन, त्याचं अ जीवनसत्त्व शरीराने करून घ्यायचं. पूर्वी हिशेब सहास एक होता. २००१ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी तो बारास एक केला आणि कागदावरचा पाला एका रात्रीत निम्म्यावर आला. मी बरोबरी म्हणतेय ती हा नवा, कडक हिशेब धरून. क जीवनसत्त्व अंड्यात शून्य. तंतू शून्य. उलट ब-१२ कोथिंबिरीत शून्य, मेथीत शून्य, शेवग्याच्या पाल्यातही शून्य, कितीही मुठी खाल्ल्या तरी. लोहाची तर गंमतच आहे. शंभर ग्रॅमला दोघांत सारखंच, पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास. आणि दोघांतलंही अंगी लागायला कठीण. पिवळ्या बलकातलं एक प्रथिन लोहाला धरून ठेवतं, पाल्यातलं लोह मुळातच नीट शोषलं जात नाही. वर लिंबू पिळलं तर जरा जमतं.

एक चिठ्ठी आली आहे. ‘शाळेतल्या अंड्याबद्दल आपलं मत काय?’ हे माझ्या विषयात नव्हतं, पण टाळत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. २०२५ च्या जानेवारीत त्याचा वेगळा निधी बंद केला. ज्या मुलाच्या घरी दूधही येत नाही, त्याची ब-१२ ची आणि उत्तम प्रथिनांची गरज पाल्याने भागत नाही. केळ्याने तर नाहीच. खाणाऱ्याला अंडं मिळायला हवं होतं, न खाणाऱ्याला दूध. (टाळ्या, मागून एक आवाज: ‘विषयावर या!’) आले, आले. आजोबांचीही चुळबुळ वाढलीय.

तर मूठ. ही मूठ मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही, एस.टी. स्टँडसमोरच्या भुर्जीच्या गाडीवर सापडली. कॉलेजात शिकवत होते तेव्हाची गोष्ट. विद्यार्थिनींना ‘बाहेरच्या खाण्याचं मोजमाप’ असा प्रकल्प दिला होता. संध्याकाळी गाड्यांवर मुली एकट्या कशा जाणार, म्हणून मीच निघाले. आमचे हे सोबतीला होते, पण दहा पावलं लांब, पानटपरीशी, ओळख न दाखवता. (हशा) गाडीवाल्याने तेल सोडलं, कांदा, मिरची, टोमॅटो, हळद, मीठ. उलथण्याचा तो टकटकाट तुम्हाला माहीत आहे. अंडी फोडली दोन. आणि मग त्याने शेजारच्या घमेल्यातून चांगली ओंजळभर कोथिंबीर उचलून तव्यावर टाकली. मी म्हटलं, ‘थांबा!’ तो दचकला. त्याला वाटलं नगरपालिकेची माणसं आली. (हशा) मी पर्समधून काटा काढला आणि म्हटलं, तेवढीच कोथिंबीर परत उचला आणि यात ठेवा. त्याने ठेवली. तीस ग्रॅम! ताटलीत अंडी शंभर ग्रॅम आणि कोथिंबीर तीस. विचारलं, एवढी का घालता? तो म्हणाला, ‘मॅडम, अंडं महाग. ही घातली की प्लेट भरलेली दिसते.’ महागली की काय करता? ‘मग कोबी.’ मग मी अर्धा तास तिथेच. गिऱ्हाईक येतंय, मी कोथिंबीर तोलतेय, तो वैतागलाय, दोन कॉलेजकुमार विचारताहेत की ही कसली स्कीम आहे...

घंटा? पहिली ना? बरं.

सांगायचं ते असं की गाडीवाल्याने पैशांचं गणित केलं आणि आहारशास्त्र आपोआप साधलं. कॅरोटीन स्निग्धात विरघळतं, तेल-तूप नसेल तर पाल्यातलं बरंचसं तसंच बाहेर पडतं. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात सोळा तरुणांना कच्च्या भाज्यांची कोशिंबीर दिली. एकदा नुसती, एकदा दीड अंड्यासोबत, एकदा तीन अंड्यांसोबत. तीन अंडी असताना भाज्यांतली कॅरोटिनॉइडं तिपटीहून जास्त रक्तात उतरली. २०१५ मध्ये हे छापून आलं. त्या अभ्यासाला तिथल्या अंडी मंडळाचाही पैसा होता, हेही सांगून टाकते, नाहीतर चिठ्ठी येईल. पण काम बलकातल्या स्निग्धाचं आहे. आजोबा, तुमच्या फोडणीचं तेलही ते करतं. कोथिंबीर वडी वाफवून तळताना क जीवनसत्त्व बरंचसं जातं, पण कॅरोटीन टिकतं, तेल त्याला आत नेतं, आणि बेसनाची प्रथिनं मिळतात ती वेगळीच. न खाणाऱ्यांची भुर्जी म्हणजे वडीच की!

जगात ज्यांनी अंडं आणि पाला यांचा संसार नीट थाटला ते इराणी. नवरोजला त्यांच्याकडे कुकू सब्जी करतात. त्यात पार्सली, कोथिंबीर, शेपू, थोडी मेथी, वर अक्रोड आणि झरेश्क नावाची आंबट लाल फळं. पाला इतका की अंडं फक्त तो धरून ठेवण्यापुरतं. कापल्यावर वडी आतून हिरवीगार. आपल्याकडे पारशांनी तीच तऱ्हा ठेवली. भाजी पर ईडू, भेंडी पर ईडू, कोथमीर पर ईडू. खाली परतलेला पाला, वर अंडं फोडून झाकण. त्यांच्या पोरोत, म्हणजे ऑम्लेटात, कोथिंबीर मिरचीबरोबर भरपूर घालतात. तिथे ती शोभेची नसते.

(घंटा) दुसरी झाली? माझी अजून दोन पानं राहिली आहेत, ती सोडते. चिठ्ठ्या मात्र घेते. ‘गावठी अंडं जास्त पौष्टिक का?’ कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर, बलकाचा रंग तिच्या खाण्यावर. गडद बलक दिसला म्हणजे प्रथिनं वाढली असं नाही. ‘कच्चं अंडं दुधातून घ्यावं का?’ नको. शिजवलेल्या अंड्यातली प्रथिनं कितीतरी जास्त पचतात. ‘कोलेस्टेरॉल?’ एका अंड्यात दोनशे मिलिग्रॅमला थोडं कमी. रोज तीनशेच्या आत ठेवा, हा जुना आकडा अमेरिकेने २०१५ च्या मार्गदर्शिकेतून काढला. मधुमेह किंवा हृदयविकार असेल त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारावं.

आता शेवटचं. कोथिंबिरीचं हे जे झालंय ना, त्याला आपणच जबाबदार आहोत, कारण आपण ती फुकट मागतो. दोन किलो बटाटे घेतले की ‘मावशी, वर थोडी कोथिंबीर टाका’. जे वर पडतं त्याला कोण भाजी म्हणणार? मार्केट यार्डात तिचा भाव शेकड्याने पुकारतात, शंभर जुड्यांमागे. आवक वाढली की तो असा कोसळतो की तोडणीचा खर्चही निघत नाही आणि शेतकरी उभ्या पिकात जनावरं सोडतो. पावसात सडली की तीच जुडी आपल्याला परवडत नाही.

तेव्हा उद्या मंडईत जाल तर फुकटची चिमूट मागू नका. पैसे मोजून दोन जुड्या घ्या, देठांसकट निवडा, चार माणसांत एका वेळेला एक जुडी संपवा. अंडं खाणाऱ्यांनी अंड्यात, न खाणाऱ्यांनी बेसनात. फक्त ज्यांना रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू आहे, त्यांनी मूठ वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, कारण कोथिंबिरीत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं. अध्यक्ष महोदय, तिसरी घंटा व्हायच्या आत मी बसते.