नंदुरबारची नाडी
(सभेंतील भाषण)



वैद्य नाडी पाहतो ती रोग्याची. शेजाऱ्याची नाडी पाहून कोणी औषध देत नाहीं. आपल्या जिल्ह्याचें मात्र तसेंच होतें. महाराष्ट्र धनवान, म्हणून आपणही बरे असूं, असा समज. मुंबई-पुण्याची कमाई व अक्राणीच्या डोंगरावरची भगर एकाच तराजूंत घातली, कीं दर माणशीं मोठा आंकडा निघतो. त्यांतलें आपल्या घरीं काय आलें, तें आपणांस ठाऊकच आहे.

नीति आयोगानें २०१५-१६ च्या पाहणीवरून गरिबी मोजली. तींत पैसा नव्हे, तर खाणें, शाळा, चूल, पाणी, घर हीं धरलीं. राज्यांत शेंकडा १५ माणसें गरीब निघालीं. नंदुरबार जिल्ह्यांत शेंकडा ५२! २०१९-२१ च्या पाहणींत हें प्रमाण उतरलें, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. पण तें कोणत्या गांवांत उतरलें, हें कोणी विचारलें काय?

शहरांत हंगामांत पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते. ओली मिरची वाळली कीं वजन चौथाई-तिहाईवर येतें. अवकाळी पाऊस आला, तर माल काळा पडतो, भाव पडतो, आणि देंठ खुडणाऱ्या बाईचा रोज बुडतो. बाजारच्या आवकेच्या वहींत क्विंटल दिसतात. बाईचा बुडालेला रोज कोणत्याच वहींत नाहीं.

दिवाळीनंतर आपलीं माणसें मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गुजराथेंत जातात. हिशेबाची रीत अशी, कीं माल जेथें पिकला, तेथल्या उत्पन्नांत तो धरावयाचा. म्हणजे कोयता आपला, घाम आपला, आणि भर गुजराथच्या आंकड्यांत! मागें राहिलें तें घराचें कुलूप आणि शाळेच्या पटावरचें गैरहजर पोर.

२०२१ सालीं शिरगणती व्हावयाची, ती झाली नाहीं. स्वस्त धान्याचा वांटा २०११ च्या डोक्यांवर बेतला गेला. त्यानंतर जन्मलेल्या पोराला भूक लागते, हें त्या कागदाला कसें कळावें?

पूर्वीं कुळकर्ण्याचें दप्तर बंद असे, म्हणून आपण नाडले गेलों. जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हां शेतकऱ्याचा पैसा कोठें जातो हें उघडें करून दाखविलें. आज दप्तर छापून येतें. सरकारचें अर्थ व सांख्यिकी संचालनालय ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ काढतें. पण तें उघडून पाहणारे आपल्यांत किती? मीही फार उशिरां उघडलें, हें लाजून सांगतों.

आणि कांहीं आंकडे तर आपणच ठेवावे लागतील. लोहारदादांना विचारा: यंदा नवी पास किती गेली, आणि जुनीच शेवटून नेणारे किती? सुतारानें किती घरांचीं दारें केलीं? गांवांत किती कुलुपें लागलीं, उचल किती घेतली, फिटली किती? सोनाराकडे डोरलें गहाण पडलें, कीं सुटलें? नाडी ती हीच.

ज्यांच्या घरीं लिहिणारी मुलगी आहे, त्यांनीं आजपासून वही घालावी. पुढल्या ग्रामसभेंत समालोचनांतला तालुक्याचा आंकडा एका हातीं व आपली वही दुसऱ्या हातीं घेऊन उभें राहावें, आणि दोहोंत जें अंतर पडेल, तें ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून इतिवृत्तांत लिहून घ्यावें.