संचालकांनी कोणता आकडा मागावा?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या व्यासपीठावरून विद्या, विवाह आणि व्यवसाय या तीन विषयांवर बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आज आम्ही व्यवसायाचाच विषय घेतला आहे. मात्र त्याची बाजू नफ्यातोट्याची नसून जबाबदारीची आहे. आपल्या समाजातील कितीतरी घरांतील मुले-मुली आज बँकांसाठी, विमा कंपन्यांसाठी आणि औषधांच्या कारखान्यांसाठी संगणकाच्या आज्ञावल्या लिहितात. त्याच घरांतील काही वडीलधारी मंडळी पतसंस्थांच्या व सहकारी बँकांच्या संचालक मंडळांवर बसतात. माप घेणारा आणि ज्याचे माप घेतले जाते तो, असे दोघे एकाच पंक्तीला जेवतात. म्हणून हा विषय कोणास परका वाटू नये, अशी आमची विनंती आहे.

संचालक मंडळाच्या सभेत संगणक विभागाच्या खर्चाचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास येतो : 'एवढा पैसा ओतला, आपले अभियंते काम तरी किती करतात?' हा प्रश्न गैर नव्हे. दुसऱ्याचा पैसा ज्यांच्या हाती सोपविला आहे, त्यांनी हिशेब मागितलाच पाहिजे. वाद आहे तो हिशेब कशाचा मागावा, एवढ्यापुरताच. गवंड्याने रचलेल्या विटा मोजता येतात. परंतु वैद्याची योग्यता त्याने दिलेल्या पुड्यांच्या संख्येवरून कोणी ठरवीत नाही. अभियंत्याचे काम विटांपेक्षा पुड्यांच्या जातीचे आहे.

या क्षेत्रातील एक प्रसिद्ध हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. १९८२ साली अमेरिकेतील ॲपल कंपनीत प्रत्येक अभियंत्याने आठवड्यात आज्ञावलीच्या किती ओळी लिहिल्या, हे एका छापील पत्रकावर भरून द्यावे असा दंडक निघाला. बिल ॲटकिन्सन नावाच्या अभियंत्याने त्या आठवड्यात एक जुना भाग नव्याने रचला होता. तो पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने चालू लागला आणि सुमारे दोन हजार ओळी कमीही झाल्या. त्यांनी पत्रकावर 'उणे दोन हजार' असा आकडा भरला. थोड्याच दिवसांत त्यांच्याकडे पत्रक मागणे बंद झाले. उत्तम काम उणे आकड्यात दिसते, हे ज्या मापास सोसत नाही, ते माप मोडीत काढणेच इष्ट होय.

चार्ल्स गुडहार्ट हे इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी १९७५ साली मांडलेला विचार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एखाद्या आकड्यावर लोकांना वागविण्याचा भार टाकला, की तो आकडा पूर्वीप्रमाणे खरे सांगेनासा होतो, असा त्याचा मथितार्थ आहे. ओळी मोजल्या तर ओळी वाढतात. पूर्ण केलेली कामे मोजली तर एका कामाची चार कामे होतात. माणसे लबाड असतात म्हणून असे घडते, असे नव्हे. मालकाला काय हवे आहे, हे ती मापावरून ओळखतात.

सर्व उद्योगांना लागू असणारी ही गोष्ट नियमनाखालील उद्योगांत अधिक गंभीर का होते? खेळण्यांच्या कारखान्यात माल बिघडला तर नुकसान बहुधा मालकाचे. बँकेत, विमानात वा औषधात बिघाड झाला तर नुकसान ठेवीदाराचे, प्रवाशाचे आणि रुग्णाचे होते. त्यांना आतले काही दिसत नाही. म्हणूनच तेथे शासन नियामक नेमते आणि संचालकास विश्वस्ताचे स्थान देते. अशा ठिकाणी केवळ वेगाचा हिशेब मागणारे मंडळ अर्धाच हिशेब मागत असते.

बोइंग कंपनीचे उदाहरण जगासमोर आहे. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये त्या कंपनीची ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळून ३४६ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे भागधारकांनी संचालकांविरुद्ध दावा लावला. सप्टेंबर २०२१ मध्ये डेलावेअर राज्याच्या न्यायालयाने तो पुढे चालविण्यास अनुमती दिली. विमानाच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणारी समिती मंडळाने नेमली नव्हती आणि सुरक्षिततेचा अहवाल मंडळापुढे नियमाने येत नव्हता, हे वाद्यांचे म्हणणे न्यायालयाने प्रथमदर्शनी ग्राह्य धरले. प्रकरण २३ कोटी ७५ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटले. विमाने बनविणाऱ्या कंपनीच्या मंडळापुढे आकड्यांची वाण पडली असेल, असे कोण म्हणेल? परंतु ज्या आकड्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते, तो मागण्याची रीत तेथे नव्हती.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील टीएसबी बँकेचे. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती एका आठवडाअखेर जुन्या संगणक व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत हलविली. सोमवारी शाखा उघडल्या तेव्हा असंख्य ग्राहकांना आपलेच पैसे हाती लागेनात. कारभार पुरता रुळावर येण्यास त्या वर्षाचा डिसेंबर उजाडला. २०२२ च्या डिसेंबरात दोन नियामकांनी मिळून बँकेस ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला; पुढील वर्षी तिच्या माजी संगणकप्रमुखासही व्यक्तिशः दंड झाला. बँकेनेच नेमलेल्या विधिज्ञांच्या चौकशीत दिसून आले, की काम मागे पडत असताना नवी तारीख कशाच्या बळावर धरली, हे संचालकांनी पुरेसे खोदून विचारले नव्हते. 'आम्ही सज्ज आहोत' एवढे वाक्य वर पोहोचले. सज्जतेचा पुरावा पोहोचला नाही.

दूरदेशीच्या गोष्टी म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. मुंबईतच मुख्य कार्यालय असलेल्या एचडीएफसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये नव्या डिजिटल योजना व नवी क्रेडिट कार्डे थांबविण्याचा आदेश काढला. मागील दोन वर्षांत सेवा वारंवार बंद पडल्या होत्या. त्याच आदेशात उणिवा तपासून जबाबदारी निश्चित करण्यास संचालक मंडळालाच सांगितले होते. हे निर्बंध मार्च २०२२ पर्यंत पूर्णपणे उठले. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेवर तशाच स्वरूपाचे निर्बंध आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते उठले. त्या वेळी रिझर्व्ह बँकेने केवळ उणिवाच दाखविल्या नाहीत. बँकेने पाठविलेली पूर्ततेची उत्तरे अपुरी, चुकीची अथवा न टिकणारी आढळली, असेही नमूद केले. अहवाल लिहिणाऱ्याने व वाचणाऱ्याने या शब्दांवर थोडे थांबावे. काम होणे आणि काम झाल्याचा कागद होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेले व १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले निर्देशही याच दिशेचे होते. त्यांत मंडळाची किमान तीन संचालकांची तंत्रज्ञान समिती आणि दर तिमाहीस तिची सभा सांगितली होती.

मग संचालकाने मागावे तरी काय? निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांनी अनेक वर्षांच्या पाहणीनंतर २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या 'ॲक्सलरेट' या ग्रंथात चार मापे सांगितली आहेत. चालू व्यवस्थेत बदल किती वेळा उतरतात. लिहिलेला बदल ग्राहकापर्यंत पोहोचण्यास किती काळ लागतो. उतरलेल्या बदलांपैकी किती बिघाडास कारण होतात. आणि बिघडलेली सेवा पूर्ववत होण्यास किती वेळ जातो. पहिली दोन वेगाची, दुसरी दोन स्थैर्याची. वेग आणि स्थैर्य हे वैरी नसून उत्तम संघटनांत ते बरोबरीने नांदतात, असा त्या पाहणीचा निष्कर्ष होता.

यातील मर्म असे, की चारही मापे एकत्र वाचावीत. समजा, एका तिमाहीत ४० बदल उतरले आणि त्यांतील ६ बदलांनी बिघाड केला. पुढील तिमाहीत ६० उतरले व १५ बिघडले. नुसते बदल मोजणारा म्हणेल, उत्पादकता दीडपट झाली. दोन्ही आकडे शेजारी मांडणारा म्हणेल, बिघाडाचे प्रमाण शेकडा १५ वरून शेकडा २५ वर गेले. पगाराच्या दिवशी खिडकीसमोर तिष्ठत उभ्या राहिलेल्या ठेवीदारास यांतील कोणता हिशेब पटेल, हे सांगणे नको.

आणखी एक समजूत दूर केली पाहिजे. नियमनाखालील उद्योगात प्रत्येक बदलास तपासणी व मंजुरी लागते. समजा, एखादा बदल ३० दिवसांत पोहोचला. त्यांत प्रत्यक्ष काम ४ दिवसांचे आणि उरलेले २६ दिवस मंजुरीची, चाचणीच्या यंत्रांची वा बाहेरच्या पुरवठादाराची वाट पाहण्यात गेले. अशा ठिकाणी अभियंत्याच्या पाठीवर चाबूक ओढून काय साधणार? काम आणि प्रतीक्षा यांचे रकाने वेगळे ठेवले, तर दोष कोठे आहे हे आपोआप दिसते. पुष्कळदा तो सभागृहाच्याच आसपास सापडतो.

या चार मापांच्या जोडीस आम्ही दोन गोष्टी सुचवितो. लेखापरीक्षकाने अथवा नियामकाने दाखविलेल्या उणिवांपैकी कोणत्या अजून उघड्या आहेत व किती दिवसांपासून, याची यादी प्रत्येक सभेत यावी. तसेच अहवालाचे एक पान केवळ वाईट बातमीसाठी राखून ठेवावे. ते सलग तीन सभांत कोरे आले, तर संचालकाने आनंद न मानता चौकशी करावी. मापाची व्याख्या दर तिमाहीस बदलू नये. आणि ही मापे एका संपूर्ण गटाच्या कामाची समजावीत, एकेका मुलाच्या पगारवाढीची नव्हेत. व्यक्तीस त्यांनी तोलू लागलो, की गुडहार्टांचा नियम दारात उभा आहेच.

शेवटी दोन शब्द उभय पक्षांस. तरुण मंडळींना आमचे सांगणे, की वर जाणारा आकडा गोड करून पाठवू नका. ज्यास तुम्ही 'किरकोळ' म्हणून वगळता, त्याच्या मागे कोणाची तरी ठेव वा कोणाचे तरी औषध असते. वडीलधाऱ्यांना विनंती, की वाईट बातमी घेऊन येणाऱ्यास भर सभेत झोडपू नका. एकदा तसे घडले, की दुसऱ्या वेळी ती बातमी येत नाही. संकट मात्र येते. खरे सांगण्याचे धैर्य मुलांनी दाखवावे आणि खरे ऐकण्याचे धैर्य वडिलांनी. एका पंक्तीला बसणाऱ्यांना हे अवघड जाऊ नये.