डोंबिवलीत रेट काय चाललाय? : एक एक्सेल शीट, एक टेप आणि बाबा

आजचा विषय आहे घरांच्या किमती. मी इस्टेट एजंट नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पण या विषयावरून आमच्या घरात चांगलंच वाजलं होतं, म्हणून थोडा अभ्यास करावा लागला. त्यात माझी एक चूकही झाली. तीही सांगतो.

डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके होता. तळमजला अधिक चार अशी जुनी इमारत, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आईचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा ते घर विकून लिफ्टच्या इमारतीत टू बीएचके घ्यायचं ठरलं. वरची रक्कम माझ्या गृहकर्जातून. गिऱ्हाईक आलं, आकडा सांगितला, आणि बाबांनी बोलणं तिथंच संपवलं. ते गेल्यावर मला म्हणाले, "समोरच्या टॉवरचा रेट बघ आणि यांचा आकडा बघ. आपण काय रस्त्यावर पडलोय?"

मी म्हटलं, थांबा, डेटा काढतो.

आता पहिला मुद्दा. जाहिरातीत दिसतो तो आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. खरा व्यवहार कितीला झाला, ते इंडेक्स टू मध्ये कळतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये तो बघता येतो. त्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, नोंदणीची तारीख असं सगळं असतं. आता 'बाजारभाव' हा शब्द फसवा आहे हं. तो सरकारी रेडीरेकनरवरून काढलेला आकडा असतो. प्रत्यक्ष ठरलेली रक्कम म्हणजे मोबदला.

तर मी आमच्या भागातले व्यवहार एक्सेलमध्ये टाकले, सरासरी काढली. भाव मस्त चढताना दिसला! बाबा खूश. मला मात्र शंका आली. हिशोबाला सोपे आकडे घेऊ. समजा गेल्या वर्षी १० घरं विकली गेली. ८ जुनी, ७,००० रुपये फुटाने, आणि २ नवी, ११,००० ने. सरासरी आली ७,८००. यंदा उलटं झालं. २ जुनी आणि ८ नवी, भाव तेच. सरासरी १०,२००. म्हणजे ३० टक्क्यांवर वाढ, आणि एकाही घराची किंमत एका रुपयानेही वाढलेली नाही! फक्त टॉवर जास्त विकले गेले.

म्हणूनच राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा रेसिडेक्स निर्देशांक घरांचे आकारानुसार तीन गट करतो. ६० चौरस मीटरपर्यंत, ६० ते ११०, आणि त्यावर. २०१७-१८ हे त्याचं पायाभूत वर्ष. आपला रेडीरेकनर बघितलात, तर त्यातही खुली जमीन, निवासी सदनिका, कार्यालय, दुकान यांचे दर वेगळे असतात आणि इमारत जुनी असेल तर घसारा धरतात. म्हणजे सरकारलाही माहीत आहे की 'एरियाचा रेट' अशी एकच गोष्ट नसते.

मग मी प्रकार वेगळे केले.

जुनी, बिनलिफ्टची इमारत. इथे बांधकामाचं मोल दरवर्षी कमी होतं, आणि त्याखालच्या जमिनीचं वाढतं. चार मजल्यांच्या इमारतीत प्रत्येक घराच्या वाट्याला येणारी जमीन वीस मजली टॉवरपेक्षा बरीच जास्त. पण ते मोल हातात कधी येणार? पुनर्विकास झाला तर. त्यासाठी जमीन सोसायटीच्या नावावर हवी, म्हणजे कन्व्हेयन्स किंवा मानीव अभिहस्तांतरण झालेलं हवं. समोरचा रस्ताही रुंद हवा, कारण वाढीव एफएसआय रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतो. दोन्ही असेल तर जुनं घरही भाव खातं. नसेल तर गिऱ्हाईक फक्त जिने मोजतं.

नवीन टॉवर. बांधकाम चालू असेल तर जीएसटी लागतो, साधारणपणे ५ टक्के, परवडणाऱ्या घरांना १. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला किंवा रिसेलला तो लागत नाही. त्यामुळे 'ऑल इन्क्लुझिव्ह' किंमत आणि रिसेलची किंमत शेजारी ठेवून तुलना करू नका.

कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मोठ्या टाउनशिप. इथे रिसेल विकणाऱ्याची स्पर्धा थेट बिल्डरशी असते. शेजारीच नवी कोरी फेज विक्रीला असेल, तर तुमचं पाच वर्षं वापरलेलं घर कोण चढ्या भावाने घेणार?

एमआयडीसीच्या निवासी भागातले बंगले. वर्षाला व्यवहार इतके थोडे होतात की आलेख काढण्यात अर्थ नाही. शिवाय तिथली जमीन भाडेपट्ट्याची असते, हस्तांतराला एमआयडीसीची परवानगी लागते.

आणि शेवटचा प्रकार, ज्याची भीती वाटायला हवी. एकदम स्वस्त घर. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला. खोट्या कागदपत्रांवर त्यांची महारेराकडे नोंदणी झालेली होती. लोकांनी रेरा नंबर बघून घरं घेतली होती, हो! तेव्हा नुसता नंबर बघू नका. बांधकाम परवानगी खरी आहे का, ते महापालिकेत जाऊन विचारा.

आता माझी चूक. हे सगळं मांडून मी बाबांना ऐकवलं, की गिऱ्हाईकाचा आकडा बरोबर होता, तुम्ही उगाच तोडलंत. बाबा काही बोलले नाहीत. कपाटातून टेप काढला आणि म्हणाले, "तिकडचं टोक धर." घर मोजलं. करारात ४५० फूट लिहिलेलं, भिंतींच्या आत भरलं ३७५. जुना करार बिल्टअपचा होता, आणि टॉवरचे करार रेरानंतरचे, म्हणजे कार्पेटचे! मी दोन्ही एकाच कॉलममध्ये टाकून मोकळा झालो होतो. समजा साडेएकतीस लाखांचं घर आहे. ४५० ने भागलं तर ७,००० चा रेट, ३७५ ने भागलं तर ८,४००. म्हणजे टॉवरशी जी दरी मी दाखवत होतो, तिचा मोठा भाग नुसता मापाचा होता. कोड लिहिताना मी एककं दहादा तपासतो, इथे बापाला शहाणपण शिकवायच्या घाईत विसरलो.

पहिलं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. त्यांनी दुसरीकडे घर घेतलं. पुढच्या गिऱ्हाईकासमोर मात्र आम्ही कार्पेटचं माप, कन्व्हेयन्सचा कागद आणि आमच्याच गल्लीतल्या तशाच इमारतींचे इंडेक्स टू ठेवले. घर विकलं गेलं. पहिल्या आकड्यापेक्षा जास्त, टॉवरच्या रेटपेक्षा कमी. नवीन घरही टॉवरमध्ये नाही घेतलं. लिफ्ट असलेली, जरा जुनी, तयार इमारत बघितली.

तेव्हा कुणी तुम्हाला विचारलं, "तुमच्याकडे रेट काय चाललाय?" तर आधी उलट विचारा. कुठल्या प्रकारच्या घराचा? कार्पेट की बिल्टअप? आणि जाहिरातीतला की नोंदणीतला? एवढं विचारूनही घरात वाद झालाच, तर टेप काढा.

तुमच्या भागातले अनुभव जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.